‘नाखवा’ : एका सागरी शब्दाचा उगम, अर्थांतरे आणि कोशातील नोंदीची मर्यादा

प्रास्ताविक

मराठीतील फारसी-अरबी शब्दांचा विचार आजवर मुख्यतः दरबाराच्या अंगाने झाला आहे. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’पासून विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या वादापर्यंत चर्चेचा रोख राज्यकारभार, महसूल, न्याय आणि फौज या क्षेत्रांतील शब्दांवर राहिला. फारसी ही राज्यकर्त्यांची भाषा होती, म्हणून तिचे शब्द वरून खाली झिरपले, हे गृहीतक या विचारामागे असते. ‘दरबार’, ‘अर्ज’, ‘फौज’, ‘सरकार’ यांसारख्या शब्दांपुरते ते योग्यही आहे. परंतु मराठीत फारसी-अरबी शब्दांचा आणखी एक थर आहे आणि तो सिंहासनाकडून नव्हे, बंदराकडून आला आहे. ‘बंदर’, ‘सुकाणू’, ‘मोसम’, ‘खलाशी’, ‘सारंग’ हे शब्द त्या थरातील होत. ‘नाखवा’ हा त्यांतील सर्वांत परिचित आणि सर्वांत कमी तपासला गेलेला शब्द आहे.

मराठी कोशांत या शब्दाची नोंद सामान्यतः दोन गोष्टींवर थांबते : मूळ फारसी ‘नाखुदा’ आणि अर्थ गलबताचा मुख्य. दोन्ही विधाने चुकीची नाहीत. मात्र ती अपुरी आहेत. ‘फारसी’ एवढ्या निर्देशाने शब्द कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या तोंडून आला हे कळत नाही. ‘मुख्य’ या अर्थाने मालक, मालकाचा प्रतिनिधी, मार्गदर्शक आणि चालक या चार वेगळ्या व्यक्ती एकाच नावाखाली झाकल्या जातात. या दोन्ही उणिवांचा संबंध केवळ कोशरचनेशी नाही. किनाऱ्यावरील समाजांचा सागरी इतिहास आणि आजच्या मासेमारीतील श्रमसंबंध या दोहोंच्या आकलनावर त्यांचा परिणाम होतो. प्रस्तुत लेखात ‘नाखवा’ या शब्दाचा उगम, त्याची अर्थांतरे आणि मराठीतील त्याचे आजचे स्थान यांचे परीक्षण केले आहे.

व्युत्पत्ती : ‘नौकेचा स्वामी’

‘नाखुदा’ हा ‘नाव’ आणि ‘खुदा’ या दोन फारसी पदांचा समास आहे. ‘नाव’ म्हणजे नौका. हे पद संस्कृत ‘नौ’ आणि मराठी ‘नाव’ यांचे सगोत्र आहे. लॅटिन व ग्रीक भाषांतील नौकावाचक शब्दही याच कुळातील आहेत. म्हणजे या शब्दाचा अर्धा भाग परका मानता येत नाही. तो उसना घेतलेला असला तरी दूरच्या नात्यातला आहे.

‘खुदा’ या उत्तरपदाचा अर्थ आज ईश्वर असा रूढ आहे. त्यामुळे ‘ना-खुदा’, म्हणजे ‘जो खुदा नव्हे तो’, अशी फोड करण्याचा मोह होतो. उर्दू काव्याने खुदा आणि नाखुदा यांच्या या जोडीवर विपुल कोटिक्रम केला आहे. वादळात सापडलेल्या नौकेने नावाड्यावर विसंबावे की ईश्वरावर, हा त्या काव्यातला आवडता पेच आहे. काव्यदृष्ट्या ही फोड अर्थगर्भ असली तरी व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. मध्ययुगीन फारसीत ‘ख्वदाय’ म्हणजे स्वामी, अधिपती. सासानी राजांच्या वृत्तांताला ‘ख्वदाय-नामग’, म्हणजे ‘राजांचा ग्रंथ’, हे नाव याच अर्थाने मिळाले. घराचा किंवा गावाचा प्रमुख तो ‘कदखुदा’. त्याच घडणीने नौकेचा प्रमुख तो ‘नाखुदा’. आरंभीचा ‘ना’ हा नकार नसून ‘नाव’ या पदाचे आकुंचित रूप आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजल यानेही ‘आईन-इ-अकबरी’त हा शब्द ‘नावखुदा’चा संक्षेप असावा असे नोंदवले आहे. कोटी आणि व्युत्पत्ती यांतील भेद सोळाव्या शतकातील एका ग्रंथकाराला जाणवला होता, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

शब्दाच्या घडणीतच सत्तेची कल्पना आहे. नाखुदा केवळ नौका चालवणारा नव्हे. नौकेवर ज्याची हुकमत आहे तो. ही हुकमत मालकीतून येते की कौशल्यातून, हे शब्द सांगत नाही. त्याच्या पुढील सर्व अर्थांतरांचे बीज या संदिग्धतेत आहे.

बंदरांतील पुरावा

हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर केव्हा आला? दरबारी मार्गाचे गृहीतक मान्य केले तर त्याचे आगमन बहमनी किंवा त्यानंतरच्या काळात धरावे लागेल. प्रत्यक्ष पुरावा मात्र वेगळी दिशा दाखवतो.

अरब प्रवासी अल-मसूदी याने इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे आजचे चौल, पाहिले. राष्ट्रकूटांच्या आधिपत्याखालील त्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून होते आणि त्यांच्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला होता, असे तो लिहितो. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाण मंडलाचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप आहे. याच दहाव्या शतकातील ‘अजाइब अल-हिंद’ हा सागरकथांचा संग्रह परंपरेने रामहुर्मुझच्या बुझुर्ग इब्न शहरियार याच्या नावावर आहे आणि त्याची उपाधीच ‘अल-नाखुदा’ अशी आहे. उत्तर कोकणाचा किनारा आणि नाखुदांचे जग यांचा संबंध दक्षिणेत मुसलमानी सत्ता स्थापन होण्याच्या चार शतके आधीचा आहे, हे यावरून दिसते.

कैरोच्या गेनिझा संग्रहातील पत्रव्यवहार बाराव्या शतकातील चित्र अधिक स्पष्ट करतो. एस. डी. गॉयटाइन यांनी उजेडात आणलेल्या या पत्रांत एडनचा ज्यू नाखुदा महरूझ याचे एक पत्र आहे. सागरी चाच्यांनी लुटलेल्या आपल्या आप्ताला तो लिहितो की, सोन्याची गरज पडल्यास ठाण्यात असलेल्या तिंबू नाखुदाकडून आपल्या खात्यावर घ्यावे. त्याच्याशी आपली अतूट मैत्री आहे. तिंबू हा भारतीय असावा असे अभ्यासक मानतात. एका ज्यू नाखुदाचा भारतीय नाखुदावर एवढा विश्वास होता, हे या पत्रातून समजते. ‘नाखुदा’ हे त्या काळी कोणा एका धर्माचे किंवा वंशाचे नव्हे, तर व्यवसायाचे नाव होते.

या संदर्भातील सर्वांत बोलका पुरावा सोमनाथ-वेरावळ येथील इ. स. १२६४ च्या शिलालेखाचा आहे. वाघेला राजा अर्जुनदेव याच्या काळातील या लेखाचा आशय संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत कोरलेला आहे. संस्कृत पाठात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार संवतांत काल दिला आहे. होर्मुझचा नूरुद्दीन फिरुझ याने सोमनाथ नगरात मशीद उभारली आणि तिच्या खर्चाची तरतूद केली, हा त्याचा विषय. संस्कृत पाठात फिरुझचे नाव ‘नौरदीन पीरोज’ असे येते आणि ‘नौ’ व ‘नाखू’ ही संक्षिप्त पदे व्यक्तिनामांना जोडलेली दिसतात. मशिदीच्या व्यवस्थेची जबाबदारी ज्या जमातींवर सोपवली, त्यांत ‘नाखुया’ लोकांची जमात आहे. तिच्यासोबत तेल गाळणारे घांचिक आणि चुन्याचे काम करणारे चुणकर यांच्याही जमाती आहेत.

‘नौ’ हा ‘नौवित्तक’ या पदाचा संक्षेप होय. गोव्याच्या कदंबांच्या अकराव्या शतकातील लेखातही हे पद एका ताजिक व्यापाऱ्याच्या घराण्यासाठी येते. इतिहासकार रणबीर चक्रवर्ती यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ‘नाखुदा’ आणि ‘नौवित्तक’ ही एकाच व्यवसायाची दोन नावे असल्याचे दाखवून दिले. नौका हेच ज्याचे वित्त, तो नौवित्तक. येथे भाषांतराचा एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. फारसी शब्द स्वामित्वावर भर देतो. संस्कृत शब्द संपत्तीवर. संस्कृत लेखकाने ‘नौपती’ असा शब्दशः पर्याय न निवडता धनवाचक पद घडवले, कारण त्याच्यासमोर उभा असलेला माणूस प्रथमतः व्यापारी होता.

भाषिक दृष्ट्या ‘नाखू’ आणि ‘नाखुया’ ही रूपे आणखी महत्त्वाची आहेत. मूळ शब्दातील ‘द’ या दोन्ही रूपांत नाही. मराठी ‘नाखवा’मध्येही तो नाही. ‘नाखुदा’चे ‘नाखवा’ होणे हा अलीकडचा अपभ्रंश मानला जातो. पण ‘द’ गळण्याची प्रक्रिया तेराव्या शतकात किनाऱ्यावर घडून गेली होती, असे हा लेख सूचित करतो. पुरावा गुजरातच्या किनाऱ्याचा आहे, मराठी मुलखाचा नव्हे. म्हणून त्यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि वेरावळ, भडोच, संजाण, ठाणे आणि चौल ही बंदरे एकाच सागरी वाटेवरची होती. तेथील बोलीत शब्दाचे झिजलेले रूप रुळलेले असताना कोकणच्या किनाऱ्यावर तो पुढे फारसी दफ्तरातून नव्याने आला, असे मानण्यापेक्षा तो बंदरातूनच आला असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. ‘नाखुदा’ हे लेखी रूप आणि ‘नाखवा’ हे बोली रूप मराठीत शेजारी शेजारी नांदतात, याचाही उलगडा त्यामुळे होतो. एक रूप कागदावरून आले, दुसरे धक्क्यावरून.

मालक, प्रतिनिधी की चालक?

चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतला पोहोचला, तेव्हा तेथील मिसकाल नावाच्या नाखुदाची नोंद त्याने केली. अफाट संपत्ती आणि भारत, चीन, येमेन व फार्स यांच्याशी व्यापार करणारी अनेक जहाजे ही त्याची ओळख. अनेक जहाजांचा धनी प्रत्येक जहाजावर उपस्थित राहू शकत नाही. येथे नाखुदा हा स्पष्टपणे मालक आहे. जहाज चालवणे हे त्याचे काम नाही.

अबुल फजलने दिलेली जहाजावरील बारा प्रकारच्या सेवकांची यादी हा भेद अधिक काटेकोर करते. यादीत पहिला नाखुदा, म्हणजे नौकेचा धनी; प्रवासाची दिशा ठरवणे हे त्याचे काम. दुसरा मुअल्लिम, पाण्याची खोली-उथळी आणि ताऱ्यांचे ज्ञान त्याच्याकडे असे आणि जहाज सुखरूप नेण्याची जबाबदारी त्याची. तिसरा तंडील, खलाशांचा प्रमुख. त्यापुढे सरहंग, भंडारी, हिशेब ठेवणारा कर्रानी, सुकाणू धरणारा सुक्कानगीर आणि शिडे हाताळणारे खारवा असे क्रमाने येतात. मराठी वाचकाला ही यादी अनोळखी वाटत नाही. तंडीलचा ‘तांडेल’, सरहंगचा ‘सारंग’ आणि सुक्कानचे ‘सुकाणू’ मराठीत आजही जिवंत आहेत. मुअल्लिम मात्र सर्वसामान्य मराठीतून नाहीसा झाला. ज्ञानाचे पद विस्मरणात गेले आणि हुकमतीचे पद उरले.

सतराव्या शतकात अर्थ आणखी सरकलेला दिसतो. १६९५ मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटलेल्या ‘गंज-इ-सवाई’ या जहाजाचा नाखुदा इब्राहीम खान होता. जहाज मात्र औरंगजेब बादशहाचे होते. येथे नाखुदा हा मालक नसून मालकाच्या वतीने जहाजावर हुकमत चालवणारा नोकर आहे. पोर्तुगीजांच्या ‘कार्ताझ’ या सागरी परवान्यातही जहाजासोबत नाखुदाचे नाव नोंदले जाई, कारण जहाजाबद्दल जाब द्यायचा तो त्याने. मालकी आणि जबाबदारी यांची फारकत होताना शब्द जबाबदारीच्या बाजूला गेला.

मराठी आरमाराच्या संदर्भातही एक निरीक्षण नोंदवता येते. शिवकाळातील ‘दर्यासारंग’ आणि आंग्रे घराण्याकडील ‘सरखेल’ ही बिरुदे प्रसिद्ध आहेत. त्यांची घडण फारसी असली तरी ती राजसत्तेने दिलेली लष्करी पदे होती. ‘नाखवा’ हा शब्द प्रामुख्याने व्यापारी गलबते आणि मासेमारी यांच्याकडे राहिला. एकाच भाषेतून आलेले शब्द सत्तेच्या आणि उपजीविकेच्या दोन वेगळ्या वाटांनी कसे जातात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अन्य किनाऱ्यांवरील ‘नाखुदा’

हिंदी महासागराच्या इतर किनाऱ्यांशी तुलना केल्यास मराठीतील अर्थाची दिशा अधिक नीट कळते. मलाक्काच्या सागरी संहितेत समुद्रावरील नाखुदाला राजाची उपमा दिली आहे आणि जहाजावरील इतर पदांची राज्यातील पदांशी जोडी लावली आहे. आधुनिक इंडोनेशियात हा शब्द कायद्यात टिकला. त्या देशाच्या २००८ च्या नौवहन कायद्यात ‘नाखोदा’ ही जहाजाच्या कप्तानाची अधिकृत संज्ञा आहे. आखाती अरबीत ‘नोखदा’ हा व्यापारी गलबताचा आणि मोती काढणाऱ्या नौकेचाही प्रमुख. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘नाहोधा’ म्हणजे कप्तान. आज तेथे फुटबॉल संघाच्या कर्णधारालाही तेच नाव आहे. कोलकात्याची नाखोदा मशीद आणि मुंबईतील पायधुणी परिसरातील नाखुदा मोहल्ला या नावांत जहाजमालक व्यापाऱ्यांची प्रतिष्ठा शिल्लक आहे. गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे शब्द पोर्तुगीज दफ्तरांतून वेचले आणि त्यांचा प्रवास अनेक भाषांच्या संदर्भात मांडला. मराठी व्युत्पत्तिविचाराने या दिशेने फारशी वाटचाल केलेली नाही.

इंडोनेशियात शब्द कायद्यात गेला, आफ्रिकेत क्रीडांगणावर गेला. मराठीत तो आडनावात आणि गाण्यात गेला. कोळी समाजात आणि कोकणी मुसलमानांतही ‘नाखवा’, ‘नाखुदा’ ही आडनावे आढळतात. व्यवसायाचे नाव दोन धर्मांच्या लोकांनी कुलनाम म्हणून धारण करावे, ही बारा-तेराव्या शतकातील बंदरांच्या व्यवहाराशी जुळणारी गोष्ट आहे.

गीतातील नाखवा आणि होडीवरील नाखवा

शहरी मराठी वाचकाला ‘नाखवा’ शब्द भेटतो तो कोळीगीतांतून. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि चित्रपट यांनी ही गीते घरोघरी पोहोचवली. त्यांतील नाखवा बहुधा संबोधनात येतो. त्याला होडी वल्हवण्यास सांगितले जाते, त्याची वाट पाहिली जाते, तो प्रियकर किंवा धनी असतो. नौकेचा स्वामी वल्हे मारणारा होतो. अर्थाच्या अंगाने पाहिले तर हा अपकर्ष आहे. भावनेच्या अंगाने मात्र उत्कर्ष आहे, कारण हुकमतीचा शब्द जिव्हाळ्याचा झाला. ज्या काळी नाखवा स्वतः आपल्या मुलाभावांसह होडीवर जात असे, त्या काळात हा अर्थ वास्तवाला सोडूनही नव्हता.

अडचण निर्माण होते ती पुढे. किनाऱ्यावरील व्यवहारात नाखवा म्हणजे होडीचा मालक, तांडेल म्हणजे होडी नेणारा प्रमुख आणि खलाशी म्हणजे कामकरी, असा भेद केला जातो. पारंपरिक पद्धतीत मिळकतीचे वाटे पडत. त्यांत होडीचा आणि जाळ्यांचा वाटा वेगळा असे. १९५० नंतरच्या दशकांत यंत्रचलित नौका आल्या, भांडवल वाढले, कर्जे वाढली. पुष्कळ ठिकाणी नाखवा धक्क्यावर राहिला आणि समुद्रात तांडेल व खलाशी जाऊ लागले. आज कोकणातील अनेक नौकांवर नेपाळसह परप्रांतांतून आलेले खलाशी काम करतात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा कायदा नौकेच्या ‘मालका’शी बोलतो; ‘नाखवा’ ही संज्ञा त्याला लागत नाही.

म्हणजे शब्दाच्या मुळाशी असलेली संदिग्धता आता उघडी पडली आहे. मालकी आणि समुद्रावरील हुकमत एका माणसात एकवटलेली होती, तोवर ‘नाखवा’ दोन्ही अर्थ सहज वाहून नेत होता. ती दोन माणसांत विभागली गेल्यावर शब्द मालकाबरोबर किनाऱ्यावर थांबला. गीतातील नाखवा मात्र अद्याप वल्हे मारतो आहे. या गीतांची प्रतिमा लोकजीवनाचे चित्र म्हणून अभ्यासक्रमांत आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत मांडली जाते, तेव्हा आजचा श्रम करणारा खलाशी त्या चित्राबाहेर राहतो. दोष गीतांचा नाही. ती आपल्या काळाशी प्रामाणिक होती. दोष आहे तो त्यांतील अर्थ आजच्या वास्तवावर जसाच्या तसा लावणाऱ्या वाचनाचा. आणि त्या वाचनाला कोशातील ‘गलबताचा मुख्य’ ही ढोबळ नोंद आधार पुरवते.

समारोप

‘नाखवा’ या शब्दाच्या परीक्षणातून दोन गोष्टी पुढे येतात. पहिली व्युत्पत्तीच्या पद्धतीविषयी आहे. शब्दाचे मूळ सांगणे पुरेसे नाही. त्याचा मार्ग सांगणे आवश्यक आहे. मराठीतील फारसी शब्द सरसकट दरबारी मानल्याने ठाणे, चौल, संजाण येथील बंदरांतून झालेला देवघेवीचा इतिहास भाषेच्या इतिहासातून गळतो. ही देवघेव जेत्या-जितांमधील नव्हती. ती व्यापाऱ्यांची, नावाड्यांची आणि शेजाऱ्यांची होती. भाषाशुद्धीच्या चर्चेत ‘परका’ ठरवले जाणारे शब्द या कसोटीवर नव्याने पाहावे लागतील.

दुसरी गोष्ट अर्थनिर्णयाविषयी आहे. नाखवा, तांडेल, सारंग, खलाशी हे शब्द सुटे नाहीत. ती श्रमविभागणीची एक साखळी आहे आणि त्यांपैकी एकाचा अर्थ बदलला की इतरांचाही बदलतो. म्हणून कोशात त्यांच्या नोंदी परस्परसंबंध दाखवून, काळ आणि ठिकाण सांगून व्हायला हव्यात. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांतील भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांना हे काम एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. साहित्य जवळ आहे : पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बोली, घराण्यांची आडनावे, जुन्या व्यापाराचे कागद आणि अद्याप समुद्रावर जाणारी माणसे. यांत्रिक नौकेवर वाढलेल्या पिढीच्या बोलीतून हे शब्द मावळण्यापूर्वी ते नोंदले गेले नाहीत, तर ‘नाखवा’ हा शब्द केवळ गाण्यात उरेल आणि त्याने हजार वर्षे वाहून आणलेला अर्थ त्याच्याबरोबर उरणार नाही.